लाजऱ्या माशाला आडोसा हवा
मुलांच्या हट्टापायी आम्ही घरच्या माशांच्या टाकीत एकच कुली लोच सोडला. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा हा बोटभर मासा दगडाआड गेला, तो दिसेचना. खाणं इतर मासे वरच्यावर फस्त करीत. हा खंगू लागला. चूक आमचीच! आग्नेय आशियातल्या संथ ओढ्यांत पालापाचोळ्याखाली राहणारा, रात्री चरणारा हा जीव. मग टोचणारी खडी काढून बारीक वाळू घातली, फुटक्या कुंडीची खापरं ठेवली, त्याच्याच जातीचे आणखी ५ सोबती आणले. दिवा मालवल्यावर तळाशी बसणारं खाणं टाकू लागलो. हळूहळू स्वारी बाहेर आली. नव्या जिवाला आधी आडोसा अन् सोबत द्यावी. धिटाई मागाहून येते.