म्हातारा कुत्रा लंगडतोय? आपली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका

भामरागड : पावसाळी गारठा सुरू झाला की घरचा म्हातारा कुत्रा सकाळी उठताना कण्हतो, लंगडतो आणि थोडं फिरल्यावर बरा दिसतो. ही बहुतेक वेळा सांधे झिजल्याची खूण असते. मग आपण काय करतो? घरातली दुखण्याची अर्धी गोळी भातात कालवून घालतो. जीव असतो म्हणूनच करतो, पण घात तिथंच होतो.

दुखणं कमी करणारी ही औषधं सूज आणणारे पदार्थ रोखतात. पण त्याच जातीचे पदार्थ पोटाचं आतलं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवायला मदत करतात. तेही रोखले गेले की पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याला विशेष बाधतात.

पशुवैद्यक कुत्र्यांसाठी बरेचदा मेलॉक्सिकॅम देतात. त्याचा डोस वजनावर ठरतो. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलीग्रॅम, नंतर रोज ०.१. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून फक्त दीड मिलीग्रॅम! माणसाची गोळी साडेसात किंवा १५ मिलीग्रॅमची असते. १५ ची एक गोळी म्हणजे त्याचा दहा दिवसांचा डोस. म्हणून अंदाजानं तुकडा मोडू नका. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, आपलं वजन वजा करा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा.

औषध खाण्यासोबतच द्यायचं, पाणी भरपूर ठेवायचं. खाजेसाठी वगैरे स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा खाणं बंद, यातलं काहीही दिसलं की औषध थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

डायक्लोफिनॅक गुरांनाही नको. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन देशभर गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही.

पर्लकोटेला पूर आला की दवाखाना गाठता येत नाही, हे आपल्याला नवं नाही. तेव्हा पावसाआधीच कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून औषध लिहून आणा. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. औषध हाताशी नसेल तर कोरड्या पोत्याचं अंथरूण द्या, ओल्या फरशीवर झोपू देऊ नका आणि चार दिवस रानात नेऊ नका.