ऐकणाराचे मन

डहाणू-तलासरीकडील एखाद्या वारली पाड्यावर आशा कार्यकर्ती एका खचलेल्या स्त्रीची विचारपूस करावयास जाते आणि ती स्त्री अकारण तिच्यावरच चिडते, असे समजा. हा राग कोणावरचा? फ्रॉइड यांनी दाखविले की, आईबापांविषयीचे नेणिवेत दडलेले भाव पुढे दुसऱ्याच माणसावर जाऊन बसतात. यास भावसंक्रमण म्हणतात. मनोगतिक शिक्षणाचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठीण. त्या रागाने आपल्या मनात काय ढवळले, हे सेविकेने स्वतः ओळखावयाचे असते. न ओळखल्यास ती ‘भगताकडे का गेलीस?’ असे फटकारते आणि बोलू पाहणारीचे तोंड कायमचे मिटते.

हे शास्त्र आपणांस परके नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथेही आधी मुलाचे मन जाणणे, मग शिकविणे, हाच क्रम होता.

मात्र भास होऊ लागले, वा जीव देण्याची भाषा आली, तर त्या माणसास एकटे न सोडता तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे. ऐकणाराने आपली मर्यादा ओळखणे, हाही या शिक्षणाचाच भाग आहे.