निकालानंतरची नावं

माँटगोमेरी ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची राजधानी. इथल्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवर जेफरसन डेव्हिसचं घर अजून जपून ठेवलेलं आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा हा अध्यक्ष. १८६१च्या फेब्रुवारीत त्याने इथल्याच कॅपिटॉलसमोर शपथ घेतली. त्याच रस्त्यावर १९८९च्या नोव्हेंबरात एका स्मारकाचं लोकार्पण झालं. नागरी हक्कांच्या लढ्यात १९५४ ते १९६८ या काळात मारल्या गेलेल्यांचं हे स्मारक. ते उभारलं सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने. संस्थेचं आधीचं कार्यालय कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी १९८३मध्ये जाळलं होतं.

आराखडा माया लिन यांचा. येल विद्यापीठात शिकत असताना, एकविसाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाची स्पर्धा जिंकणाऱ्या याच त्या. इथे मागे एक वळणदार काळी भिंत आहे. तिच्यावर बायबलमधल्या आमोसच्या ग्रंथातलं, न्यायाला वाहत्या पाण्याची उपमा देणारं वचन कोरलंय. या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग ते आपल्या भाषणांत वारंवार वापरत. भिंतीपुढे काळ्या ग्रॅनाइटची गोल शिळा, कमरेच्या उंचीची, व्यास बारा फुटांच्या आसपास. मधून वर येणारं पाणी तिच्यावर पातळ पसरतं आणि कडेवरून उतरतं. पाण्याखाली, कडेलगत, तारखा आणि नावं. लोक बोटाने अक्षरं चाचपतात आणि पाणी बोटाला वळसा घालून पुढे जातं. लोकार्पणाला चौदा वर्षांच्या एमेट टिलची आई आली होती. १९५५मध्ये मिसिसिपीत मुलाची हत्या झाल्यावर तिने शवपेटी उघडी ठेवून त्याचा विद्रूप केलेला देह जगाला पाहायला लावला होता.

नोंदी घड्याळासारख्या गोल फिरत जातात. सुरुवात १७ मे १९५४ची, शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाची. शेवट ४ एप्रिल १९६८चा, किंग यांच्या हत्येचा. दोहोंमध्ये लिन यांनी मोकळी जागा राखली आहे: लढा त्याआधीही होता, नंतरही आहे.

मला या शिळेचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत दिसतं. कायदे, निकाल आणि खून इथे एकाच ओळीत येतात. त्यामुळे क्रमाने वाचताना, कागदावर हक्क मिळाल्यानंतरही माणसं मरतच राहिली, हे नजरेतून सुटत नाही.

माँटगोमेरीचंच घ्या. कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेल्या ३८१ दिवसांच्या बहिष्कारानंतर, न्यायालयाच्या निकालामुळे, डिसेंबर १९५६मध्ये इथल्या बसमधली वर्णानुसार वेगळी आसनं गेली. सगळे हा विजय सांगतात आणि तिथेच थांबतात. शिळेवर बसच्या निकालानंतरची पहिली मृत्यूची नोंद २३ जानेवारी १९५७ची आहे: विली एडवर्ड्स, याच शहरातला ट्रकचालक. त्या रात्री तो दुसऱ्या चालकाच्या बदली फेरीवर होता. क्लॅनच्या लोकांनी त्याला भलताच कोणी समजून धरलं, मारलं आणि अलाबामा नदीच्या पुलावरून उडी घ्यायला लावली. प्रेत तीन महिन्यांनी सापडलं. १९७६मध्ये तिघांवर आरोप ठेवले गेले. न्यायाधीशाने ते रद्द केले, कारण मृत्यूचं नेमकं कारण सिद्ध नव्हतं आणि त्याच्या मते पुलावरून उडी घ्यायला लावल्याने माणूस मरेलच असं नाही. हा युक्तिवाद वाचून आजही संताप येतो. १९९७मध्ये सरकारी दप्तरात या मृत्यूपुढे ‘हत्या’ अशी नोंद झाली. १९९९मध्ये ग्रँड ज्युरीने कोणावरही आरोप ठेवायला नकार दिला.

पुढेही तेच. १९६४च्या कायद्याने सार्वजनिक जागांतला भेदभाव बेकायदा ठरवला. जानेवारी १९६६मध्ये अलाबामातल्याच टस्कीगीत, नौदलात नोकरी केलेला एकवीस वर्षांचा विद्यार्थी सॅम्युएल यंग पेट्रोल पंपावरच्या ‘फक्त गोऱ्यांच्या’ स्वच्छतागृहावरून झालेल्या वादात गोळी लागून मेला. गोऱ्या ज्युरीने मारेकऱ्याला सोडलं. १९६५मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा आला. तरी यंगनंतर आठवड्याभरात मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या व्हर्नन डाहमर यांचं घर पेटवण्यात आलं. ज्यांना मतदानासाठी भरावा लागणारा कर परवडत नाही त्यांचा कर मी भरतो, एवढंच ते म्हणाले होते. कुटुंब मागच्या बाजूने निसटेपर्यंत त्यांनी हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या आणि भाजून, धुराने प्राण सोडला. त्यांचे चार मुलगे तेव्हा देशाच्या सैन्यात होते. कट रचणाऱ्या सॅम बॉवर्सला जन्मठेप झाली ती १९९८मध्ये.

मराठी वाचकाला हा क्रम परका नाही. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्येच संमत केला होता. तरी १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांना महाडात मार खावा लागला.

माँटगोमेरीत, स्मारकाशेजारच्या माहिती केंद्रात आणखी काही नावं आहेत. साधारण त्याच काळात, वर्णद्वेषाचा दाट संशय असलेल्या परिस्थितीत मेलेली ही माणसं. पण स्मारक घडत होतं तेव्हा त्यांच्या मृत्यूबद्दल पुरेशी माहिती हाती नव्हती, म्हणून ती शिळेवर आली नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत धड तपासच झाला नव्हता.