दाट द्रावण मंद का दिसतं?

फ्लुओरेसिन हा रंग अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केला. पाण्यात त्याचा किंचित अंश मिसळला तरी निळ्या प्रकाशात हिरवी चमक उठते. रंग वाढवत नेला की चमक आधी वाढते, मग घटते. दाटीत रेणू एकमेकांना ऊर्जा देतात, ती उष्णतेत विरते. बाहेर निघालेला प्रकाशही शेजारचेच रेणू शोषतात. पायरीन या दुसऱ्या चमकणाऱ्या पदार्थाचं वागणं याहून सुंदर. विरळ द्रावणात तो जांभळा उजळतो. दाट द्रावणात उत्तेजित रेणू शेजाऱ्याशी जोडी जमवतो आणि निळा प्रकाश देतो. २००१ मध्ये हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाला अगदी उलट स्वभावाचे, एकत्र आल्यावरच उजळणारे रेणू सापडले. दाटीप्रमाणेच चमक प्रकाश टाकणाऱ्या दिव्यावरही अवलंबून असते. दिव्याची तीव्रता वाढवली की चमक त्याच प्रमाणात वाढते, पण मर्यादेपर्यंतच. फार प्रखर प्रकाशात रेणू मोडतात आणि गेलेली चमक परतत नाही.