नऊ लाख टन पाऊस

भोपाळपासून 28 किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, भोजपूरचं शिवमंदिर उभं आहे. परमार राजा भोजानं अकराव्या शतकात ते बांधायला घेतलं आणि काम मध्येच थांबलं. का थांबलं, याबद्दल तर्क पुष्कळ आहेत, पुरावा नाही. मंदिराचं जोतं 115 फूट लांब, 82 फूट रुंद. म्हणजे सुमारे 876 चौरस मीटर. भोपाळ परिसरात वर्षाला सरासरी 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. गुणाकार करून बघा. या एका जोत्यावर दरवर्षी साडेनऊ लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. साडेनऊशे वर्षांचा हिशेब केला तर वजन होतं नऊ लाख टन.

जुन्या वास्तूंवरचं संकट म्हटलं की आपल्याला आधी भूकंप आठवतो. 2002 च्या नकाशात भोपाळ भूकंपाच्या विभाग 2 मध्ये होतं, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. मराठी माणसानं हे वाचून निर्धास्त होऊ नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीही अशीच 'सुरक्षित' होती. तेव्हाच्या नकाशात तर ती विभाग 1 मध्ये. पुढे तो विभागच रद्द करावा लागला. भोपाळच्या दक्षिणेला नर्मदेचं खोरं आहे आणि त्याच पट्ट्यात, 22 मे 1997 रोजी, जबलपूरला 5.8 तीव्रतेचा धक्का बसला होता. पण भूकंप येईल तेव्हा येईल. पाऊस दर जूनमध्ये येतोच.

ऊनही येतं. मंदिरातले खांब जवळजवळ 40 फूट उंच, वालुकाश्माचे. उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या दगडाच्या तापमानात 30 अंशांचा फरक धरला, तर एवढा खांब सुमारे चार मिलिमीटरनं वाढतो आणि पुन्हा आखडतो. चार मिलिमीटर काहीच नाही. मात्र हे हजार वेळा घडलं की सांधे सुटायला लागतात आणि त्या फटींत पाणी शिरतं.

2006-07 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या के. के. मुहम्मद यांनी इथली दुरुस्ती हाती घेतली. एक खांब नाहीसा झाला होता. त्याच्या जागी बसवायला जुळता दगड देशभर शोधून शेवटी आग्र्याजवळ सापडला. घडवलेल्या खांबाचं वजन 12 टन. तेवढ्या लांब हाताची क्रेन मिळेना, म्हणून कप्प्या आणि तरफांची योजना उभारली. त्यातच सहा महिने गेले. छताचा उघडा भाग मात्र फायबरग्लासनं झाकला, कारण त्याचं वजन कमी आणि पाणी आत येत नाही. प्राचीन मंदिरावर फायबरग्लास बघून नाक मुरडणारे आहेत. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

मंदिराच्या आसपासच्या कातळावर स्थपतींनी इमारतीचे आराखडे कोरून ठेवले आहेत. खांब, कळस, तळरचना, सगळं रेघांमध्ये. शिवाय सुमारे 1,300 पाथरवटांच्या खुणा आहेत. भिंत पडली तर पुन्हा उभी करता येते. या रेघा उथळ आहेत, उघड्यावर आहेत, आणि पुसल्या गेल्या की संपल्या.

याच गावाशेजारी भोजाचा तलाव होता. दोन डोंगरांमधल्या खिंडी बांध घालून बुजवल्या होत्या. जुन्या अभ्यासकांच्या अंदाजानं त्याचा विस्तार 250 चौरस मैल, म्हणजे साधारण 650 चौरस किलोमीटर. अख्खी बृहन्मुंबई त्यात बुडाली असती. सरासरी खोली एक मीटर धरली तरी 23 टीएमसी पाणी होतं. पाच मीटर धरली तर कोयनेच्या 105 टीएमसीला मागे टाकतं. मांडूच्या होशंगशाहानं पंधराव्या शतकात बांध फोडला. आख्यायिका अशी की फोडायला फौजेला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षं, आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस. आकडे आख्यायिकेचे आहेत, पण त्यातली चढती भाजणी खोटी वाटत नाही. आजचा भोपाळचा मोठा तलाव जेमतेम 31 चौरस किलोमीटरचा. 2002 पासून तो रामसर यादीत आहे.

भोपाळ शहरात पावसाच्या पाण्याचा दुसरा हिशेब दिसतो. नवाब शाहजहान बेगमनं 1871 ते 1884 या काळात ताजमहाल नावाचा राजवाडा बांधला: 120 खोल्या आणि त्या काळचे सुमारे तीस लाख रुपये खर्च. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे राहिले, मग त्यांना बैरागढला हलवलं आणि वाडा बेवारस झाला. दरवाजे-खिडक्या गेल्या, गच्चीवर झाडं उगवली. मुळं चुन्याच्या गिलाव्यात शिरतात, पन्हाळी तुंबतात, पाणी साचतं, भिंत फुगते. मग एखाद्या पावसाळ्यात कमान खाली येते. भोजपूरचं साडेनऊशे वर्षांचं दगडी काम अजून उभं आहे, आणि हा दीडशे वर्षांचाही नसलेला वाडा ढासळतो आहे. पाऊस दोघांवर सारखाच पडला.

भोपाळला गेलात तर सांचीबरोबर भोजपूरही बघा. कोरलेल्या रेघांवर पाय देऊ नका, आणि आपल्या गावातल्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर पिंपळ उगवलेला दिसला, तर तो मे महिना संपायच्या आत काढायला सांगा.