‘वायफाय आहे ना?’ एवढंच विचारू नका

“हॉल एसी, जेवण घरगुती, पार्किंगला जागा आणि वायफाय फ्री!” साताऱ्यातल्या एका हॉटेलात एवढं ऐकलं आणि मी ॲडव्हान्स देऊन मोकळी झाले. बचत गटाच्या चाळीस जणींची ‘उद्यम’ नोंदणी एका दिवसात उरकायची होती. २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन होते, तीही मोफत. आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, की झालं!

पण कसलं काय! हॉल तळघरात, मोबाइलला रेंज नाही. सगळ्यांनी एकदम वायफाय लावलं आणि फोनवरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. संध्याकाळपर्यंत नोंदण्या झाल्या नऊ. जावळीकडून मजुरी बुडवून आलेल्या आजींनी विचारलं, “ताई, परत यायला लागंल व्हय?” मला मान वर करवेना.

माझी भाची सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, “मावशी, नळाला पाणी आहे का, एवढंच विचारलंस. हंडे किती भरायचेत, ते सांगितलंस का?”

तिच्या कॉलेजची तांत्रिक परिषद होती. हॉटेलं बघायला मीही सोबत गेले. जेवणाचा मेनू बाईसाहेबांनी शेवटी पाहिला! आधी विचारलं, कनेक्शन किती एमबीपीएसचं? ते फक्त आमच्यासाठी, की खोल्यांतल्या पाहुण्यांनाही तेच? हॉलमध्ये वायफायची यंत्रं किती? एक यंत्र एका वेळी साधारण एकाशीच बोलतं, बाकीचे रांगेत. शंभर माणसं म्हणजे फोन आणि लॅपटॉप धरून दोनशे हंडे! परगावचा वक्ता व्हिडिओवरून बोलणार, तर त्याला दोन-तीन एमबीपीएस येताना हवेत, तेवढेच जातानाही. म्हणून त्याच्या लॅपटॉपला थेट वायर. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत राउटर इन्व्हर्टरवर चालेल का? मग हॉलमध्ये उभं राहून स्वतःच्या फोनवर वेग मोजला, दोन कंपन्यांची रेंजही पाहिली.

मला वाटलं, फारच चिकित्सा ही! तर तिने सांगितलं, इंटरनेटचे नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था वर्षातून तीनदा जगात कुठे कुठे जमते, बहुतेकदा हॉटेलांत. पण हॉटेलच्या वायफायवर विसंबत नाही, स्वतःची यंत्रणा लावते. घ्या! जे इंटरनेट घडवतात, तेच इतके सावध.

पुढच्या महिन्यात राहिलेल्या एकतीस जणींना पुन्हा बोलावलं. या वेळी हॉल साधा, पंख्याचा, पण वरच्या मजल्यावर. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन वेग मोजून आले. दहा-दहा जणींच्या तुकड्या केल्या, जाण्यायेण्याचं भाडं आधीच हातावर ठेवलं.

जावळीच्या आजींचं प्रमाणपत्र साडेबाराला निघालं. त्यांच्या नाचणीच्या पापडांना आता कागदोपत्री नाव आहे.

मैत्रिणींनो, लग्नाचा हॉल ठरवताना आपण पाण्याची टाकी किती लिटरची, हे विचारतोच ना? मग इंटरनेटचंही विचारा. ‘फ्री’ या शब्दावर भुलू नका. फुकटच्या वायफायची किंमत कुणाच्या तरी बुडालेल्या मजुरीतून जाते.