ओटीपोटाच्या खुणा ओळखा



एरवी आम्ही लागण, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. आज ओटीपोटावर लिहितो आहोत, त्याला कारण आहे. नशिराबाद शिवारात फिरताना पोटदुखी निघाली की एकच निदान ऐकू येते, "बेंबी सरकली." मग चोळून घ्यायचे. एका सभासदाच्या मुलाचे असेच दोन दिवस गेले, आतले अपेंडिक्स फुटले आणि पोर जेमतेम वाचले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरांकडून समजून घेतले ते सांगतो.

जमीन मोजताना आधी हद्दीचे दगड शोधतात. पोटाचेही तसेच. पहिला दगड बेंबी. दुसरा, कमरेच्या हाडावरून बोटे पुढे आणली की लागते ते टोक. हे दोन्ही बाजूंना असते. तिसरा, बेंबीच्या सरळ खाली, ओटीपोट संपते तिथले आडवे हाड.

आता उजव्या टोकापासून बेंबीपर्यंत दोरी धरली असे समजा. तिचे तीन सारखे भाग करा. टोकाकडचा पहिला भाग जिथे संपतो, साधारण त्याच्या खाली अपेंडिक्सचे मूळ असते. न्यूयॉर्कचे डॉ. मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा दाखवून दिली. अपेंडिक्स सुजले की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी या जागी येते. म्हणजे सरकते ते दुखणे. बेंबी जागच्या जागीच असते! सोबत मळमळ, बारीक ताप, अन्नावरची वासना जाणे. अशा वेळी चोळू नये, जुलाब देऊ नये. बाईमाणसाची पाळी चुकलेली असेल तर मुळीच थांबू नये.

दुसरी जागा जांघेची. घडीच्या जरा वर, आडव्या हाडाजवळ, पुरुषांच्या पोटाची भिंत मुळातच कच्ची असते. मोळी उचलताना किंवा खोकताना तिथे फुगवटा येतो, निजले की आत जातो. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. लाजून लपवू नका, ऑपरेशनने तो दुरुस्त होतो. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळी न बसवता, रोग्याच्याच पोटातील पडद्याची पट्टी वापरून तो शिवण्याची रीत २००१ साली प्रसिद्ध केली. मात्र फुगवटा आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर आतडे अडकले असे समजा.

पाण्याची पाळी एक दिवस लांबली तरी ऊस तग धरतो. इथे रात्र काढू नका. जळगाव जवळ आहे. १०८ ला फोन करा आणि निघा.